कातडीवरील चट्टे आणि रक्तवाहिन्यांचें आरोग्य

अंगावर एखादा तांबडा चट्टा उठला आणि त्यावर पांढरी खपली धरूं लागली, कीं घरांतील वडील माणसें त्याला कांहींतरी नांव देऊन मोकळीं होतात. कोणी त्यास इसब म्हणतात, कोणी गजकर्ण म्हणतात, तर कोणी ‘रक्त बिघडलें’ एवढाच निर्णय देतात. मग कोपऱ्यावरच्या दुकानांतून मलमाची नळी येते, शेजारच्या बाईंनीं सुचविलेला लेप लागतो, वांगें आणि आंबट पदार्थ ताटांतून बाद होतात. चट्टा कोपरावर असला तर लांब बाहीचा सदरा शिवला जातो. डोक्यांत असला तर तो कोंडा ठरतो. ह्या साऱ्या धांवपळींत एक गोष्ट सर्वांनींच गृहीत धरलेली असते. रोग कातडीचा आहे, तेव्हां तो कातडीपुरताच आहे, असें रोग्याला वाटतें, घरच्यांना वाटतें, आणि पुष्कळ वर्षें वैद्यकासही असेंच वाटत होतें.

कांहीं त्वचारोगांच्या बाबतींत ही समजूत आतां टिकत नाहीं. सोरायसिस, ल्यूपस आणि स्क्लेरोडर्मा हे तीन रोग त्यांत प्रमुख होत. तिघांची पहिली खूण बहुधा कातडीवर उमटते; परंतु तिघांचाही संबंध शरीरभर पसरलेल्या रक्तवाहिन्यांशीं पोंचतो. कातडीवरचा डाग डोळ्यांना दिसतो म्हणून त्याची चिंता होते. रक्तवाहिनीच्या आंत चाललेला बिघाड दिसत नाहीं, दुखत नाहीं, आणि म्हणूनच त्याची दाद घेतली जात नाहीं. तो बिघाड कसा होतो, कोणाला होतो, आणि तो वेळींच ओळखण्यास काय करावें लागतें, हें समजून घेणें ज्या घरांत असा रोगी आहे त्या घराला तरी अगत्याचें आहे.

प्रथम रक्तवाहिनीचाच विचार केला पाहिजे. हृदयांतून निघालेलें रक्त रोहिण्यांच्या वाटेनें शरीरभर जातें, केशवाहिन्यांच्या जाळ्यांतून पुढें सरकतें आणि नीलांच्या वाटेनें परत येतें, एवढें शाळेंत शिकविलें जातें. त्यामुळें रक्तवाहिनी म्हणजे नळाच्या पाण्याची नळी, अशी एक कल्पना मनांत घर करून बसते. ही कल्पना फारच अपुरी आहे. प्रत्येक रक्तवाहिनीला आंतून पेशींच्या एकाच थराचें नाजुक अस्तर असतें. हें अस्तर जिवंत आणि कामसू आहे. वाहिनी केव्हां रुंदावावी आणि केव्हां आकसावी, रक्त केव्हां पातळ राहावें आणि केव्हां गोठावें, रक्तांतील कोणत्या पेशीला भिंतींत शिरूं द्यावें आणि कोणतीला वाहत जाऊं द्यावें, ह्या सर्व गोष्टींवर त्याचा ताबा असतो.

अस्तराचें हें महत्त्व उघडकीस आलें तें एका चुकीमुळें. न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागांत रॉबर्ट फर्चगॉट हे शास्त्रज्ञ सशाच्या महारोहिणीच्या पट्ट्यांवर प्रयोग करीत असत. एका विशिष्ट द्रव्यानें ह्या पट्ट्या आकसतात असा त्यांचा अनेक वर्षांचा अनुभव होता. एकदां प्रयोगांत कांहीं चूक झाली आणि पट्टी आकसण्याऐवजीं सैल पडली. शोध घेतां असें दिसून आलें, कीं पूर्वीच्या पट्ट्या तयार करतांना त्यांचें आंतील अस्तर घासलें जाऊन नाहींसें होत असे. ह्या खेपेस मात्र तें शाबूत राहिलें होतें. अस्तर असेल तर वाहिनी सैल होते, नसेल तर होत नाहीं. १९८० सालीं त्यांनीं हा शोध प्रसिद्ध केला. अस्तरांतून निघणारा तो गूढ पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नांवाचा साधा वायु, हें पुढें सिद्ध झालें, आणि १९९८ सालीं फर्चगॉट, इग्नारो व मुराद ह्या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालें. निरोगी अस्तर हा वायु अखंड निर्माण करीत असतें आणि त्यायोगें वाहिनी मोकळी राहते. अस्तर आजारी पडलें कीं हा पुरवठा आटतो. वाहिनी ताठर होते, तिच्या पृष्ठभागावर पांढऱ्या पेशी चिकटूं लागतात, आणि रक्त गोठण्याकडे झुकतें.

आतां अस्तर आजारी कां पडावें? धूम्रपान, मधुमेह, रक्ताचा वाढलेला दाब आणि रक्तांतील वाढलेली चरबी हीं कारणें बहुतेकांच्या परिचयाचीं आहेत. त्यांच्याच पंक्तीस बसणारें पांचवें कारण म्हणजे दीर्घकाळ धुमसणारा दाह.

जंतु शिरला, जखम झाली, कीं शरीराच्या संरक्षक पेशी त्या जागीं धांवून जातात. जागा लाल होते, सुजते, तापते. शत्रूचा नायनाट झाला कीं सर्व शांत होतें. हा दाह उपकारक आहे. परंतु कांहीं माणसांच्या शरीरांत ह्या संरक्षक पेशींची ओळख चुकते. परका कोण आणि आपला कोण हें त्यांना कळेनासें होतें, आणि त्या स्वतःच्याच पेशींवर हत्यार उगारतात. अशा रोगांना स्वप्रतिकारजन्य रोग म्हणतात. येथें शत्रु बाहेरचा नसल्यामुळें युद्ध संपत नाहीं. पेशींनीं एकमेकींना पाठविलेले रासायनिक निरोप, ज्यांत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर आणि इंटरल्यूकिन ह्या नांवांचे पदार्थ मुख्य आहेत, ते रक्तांत मिसळून सर्वत्र फिरत राहतात. कातडींत पेटलेल्या आगीचा धूर असा घरभर पसरतो, आणि त्याची झळ रक्तवाहिन्यांच्या अस्तराला लागते.

सोरायसिस हें ह्याचें सर्वांत परिचित उदाहरण आहे. युरोप-अमेरिकेंत शंभर माणसांत दोघातिघांना हा रोग आढळतो. आशियांतील देशांत हें प्रमाण कांहींसें कमी आहे. जुन्या काळीं त्याची गल्लत महारोगाशीं होत असे आणि त्या गैरसमजामुळें कित्येक निरपराध रोग्यांना गांवाबाहेर राहावें लागलें. व्हिएन्ना येथील फर्डिनांड फॉन हेब्रा ह्यांनीं १८४१ सालीं हे दोन रोग सर्वस्वीं निराळे आहेत हें स्पष्ट केलें. निरोगी कातडीची पेशी तळाशीं जन्मून वर येऊन गळून पडण्यास सुमारें चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्यें हाच प्रवास तीन ते पांच दिवसांत उरकला जातो. अपक्व पेशींचे थर एकावर एक सांचतात, आणि तीच ती रुपेरी खपली.

ह्या चट्ट्यांत रक्तवाहिन्यांचाही हात असतो, ह्याची खूण जुन्या वैद्यांना ठाऊक होती. खपली हळूच खरवडली तर खालीं टांचणीच्या टोंकाएवढे रक्ताचे थेंब उमटतात. व्हिएन्नाच्याच हाइनरिख आउस्पिट्झ ह्यांचें नांव ह्या लक्षणाला मिळालें आहे. कातडीच्या वरच्या थरांत रक्तवाहिन्या नसतात. त्या खालच्या थरांत असतात. सोरायसिसमध्यें ह्या खालच्या केशवाहिन्या लांबतात, फुगतात, नागमोडी होतात आणि वर चढतात; म्हणून थोड्याशा खरवडण्यानें त्यांतून रक्त येतें. ‘रक्त बिघडलें’ ह्या घरगुती निदानांत म्हटलें तर एक अंधुक सत्य आहे. बिघाड केवळ कातडीचा नाहीं, एवढें त्या शब्दांना कळलेलें होतें. मात्र रक्त शुद्ध करण्याच्या नांवाखालीं घेतलेल्या काढ्यांनीं आणि जुलाबांनीं वाहिनीचें अस्तर दुरुस्त होत नाहीं.

दाह आणि रोहिणींत सांचणारी चरबी ह्यांचें नातें तरी काय? जर्मन शास्त्रज्ञ रुडोल्फ फिर्खो ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच रोहिण्यांच्या भिंतींतील ह्या विकाराला दाहाचें स्वरूप आहे असें मत मांडलें होतें. पुढें शंभर वर्षें चरबीकडेच सर्वांचें लक्ष राहिलें. १९९९ सालीं अमेरिकन शास्त्रज्ञ रसेल रॉस ह्यांनीं त्यावेळपर्यंतचा सर्व पुरावा एकत्र करून रोहिणीकाठिण्य हा मूलतः दाहाचाच रोग आहे असें प्रतिपादन केलें, आणि तें मत आज सर्वमान्य आहे. दुखावलेल्या अस्तरांतून कोलेस्टेरॉलचे कण भिंतींत शिरतात. त्यांना खाण्यासाठीं पांढऱ्या पेशी मागोमाग येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तेथेंच मरतात. त्यांचा ढीग सांचून भिंतींत एक गांठ तयार होते आणि तिच्यावर तंतूंचें एक झांकण बसतें. झांकण मजबूत असेल तोंवर माणूस वर्षानुवर्षें निर्धास्त राहूं शकतो. दाह मात्र हें झांकणच पोखरीत असतो. एके दिवशीं तें फुटतें, त्यावर क्षणार्धांत रक्ताची गुठळी जमते, आणि वाहिनी बंद पडते. ती वाहिनी हृदयाची असेल तर हृदयविकाराचा झटका येतो. मेंदूची असेल तर अर्धांगवायु होतो.

हा सर्व तर्क प्रत्यक्षांत उतरतो कीं नाहीं, हें पाहण्याचें काम २००६ सालीं अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनीं केलें. ब्रिटनमधील कुटुंबवैद्यांच्या दप्तरांतून त्यांनीं सोरायसिसचे सुमारें १ लक्ष ३१ हजार रोगी घेतले आणि हा रोग नसलेल्या सुमारें साडेपांच लक्ष माणसांशीं त्यांची तुलना केली. धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब, चरबी, वजन ह्या सर्वांचा हिशेब वजा केल्यावरही फरक शिल्लक राहिला. रोग तीव्र असलेल्या तीस वर्षांच्या माणसास हृदयविकाराच्या झटक्याचा संभव त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या तिप्पट होता. रोग सौम्य असल्यास तो सुमारें तीस टक्क्यांनीं अधिक होता. साठ वर्षांच्या तीव्र रोग्याच्या बाबतींत हाच अधिक संभव सुमारें छत्तीस टक्के भरला.

हे आंकडे वाचतांना दोन चुका टाळल्या पाहिजेत. पहिली चूक घाबरण्याची. तिसाव्या वर्षीं हृदयविकार मुळांतच दुर्मिळ असतो; दुर्मिळ गोष्टीची तिप्पट झाली तरी ती बहुसंख्य रोग्यांच्या वांट्यास येत नाहीं. दुसरी चूक दुर्लक्षाची. तरुण वयांत छातींत दुखलें तर अपचन म्हणून सोडून देण्याची रीत आहे, आणि ज्याच्या बाबतींत तसें सोडून देतां कामा नये असा एक तरुण वर्ग येथें दिसून आला आहे. वाढलेलें वजन, मधुमेह आणि उच्च रक्तदाब हे विकारही सोरायसिसच्या रोग्यांत सामान्यांपेक्षां अधिक आढळतात, हें त्यांत मिळविलें म्हणजे धोक्याचें खरें स्वरूप ध्यानांत येतें. भारतीय लोकांत हृदयविकार पाश्चात्यांपेक्षां कमी वयांत गांठतो. तेव्हां येथील रोग्यानें तर वयावर भिस्त ठेवून स्वस्थ बसणें मुळींच शहाणपणाचें नाहीं.

ल्यूपसची कथा ह्याहूनही गंभीर आहे. ह्या रोगाचे दहांपैकीं सुमारें नऊ रोगी स्त्रिया असतात, आणि त्याही बहुधा तरुण. नाकाच्या दोन्ही बाजूंस गालांवर फुलपाखराच्या पंखांसारखा तांबूस पट्टा उमटतो, उन्हानें तो वाढतो, सांधे दुखतात, केंस गळतात; कांहींच्या मूत्रपिंडांवरही घाला येतो. १९७६ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथील वैद्यांनीं ह्या रोगानें दगावलेल्यांचा अभ्यास केला, तेव्हां मृत्यूच्या दोन लाटा दिसल्या. पहिली लाट रोगाच्या आरंभींची; तींत रोगाची तीव्रता आणि जंतुसंसर्ग हीं कारणें होतीं. दुसरी लाट कित्येक वर्षांनंतरची. मूळ रोग शांत झालेला असे, रोगी घरीं सुखरूप असे, आणि हृदयविकार आडवा येई. १९९७ सालीं पिट्सबर्ग येथील अभ्यासकांनीं ल्यूपसच्या रोगी स्त्रियांची फ्रेमिंगहॅम येथील सामान्य स्त्रियांशीं तुलना केली. पस्तीस ते चव्वेचाळीस ह्या वयोगटांत ल्यूपसच्या स्त्रियांना हृदयविकाराच्या झटक्याचा संभव पन्नासपटींहून अधिक आढळला. ज्या वयांत स्त्रीला हा विकार होतच नाहीं असें मानण्याची वहिवाट आहे, नेमकें तेंच हें वय होय.

ल्यूपसच्या कांहीं रोग्यांत रक्त गोठविणारीं विशिष्ट प्रतिद्रव्यें असतात. त्यामुळें पायांच्या नीलांत गुठळ्या होतात, तरुणपणीं अर्धांगवायूचा झटका येतो, किंवा वारंवार गर्भपात होतो. मांड्यांवर आणि पायांवर जांभळट जाळीसारखी नक्षी उमटणें ही कांहींच्या बाबतींत त्याची बाह्य खूण असते. ज्या सुनेचे गर्भ टिकत नाहींत तिला दोष देण्याची रीत अजूनही कांहीं घरांतून गेलेली नाहीं. तिच्या रक्ताची एक साधी तपासणी कित्येकदां त्या दोषारोपाचें उत्तर देऊं शकते, आणि योग्य उपचारानें पुढील गर्भ टिकण्याची आशा पुष्कळ वाढते.

स्क्लेरोडर्मा ह्या तिसऱ्या रोगांत बिघाडाचा प्रकार वेगळा आहे. येथें चरबीपेक्षां लहान रोहिण्यांच्या आकसण्याला आणि त्यांच्या भिंती जाड होण्याला महत्त्व आहे. कातडी ताठ व चकचकीत होत जाते, बोटें वळेनाशीं होतात. परंतु त्यापूर्वीं कित्येक महिने किंवा वर्षें रक्तवाहिन्यांनीं सूचना दिलेली असते. थंड पाण्यांत हात घातला कीं बोटें पांढरीफटक पडतात, मग निळीं होतात आणि ऊब मिळाल्यावर लाल होऊन ठणकतात. पॅरिसच्या मोरिस रेनो ह्यांनीं १८६२ सालीं आपल्या प्रबंधांत ह्या लक्षणाचें वर्णन केलें. स्क्लेरोडर्माच्या शंभरांपैकीं नव्वदांहून अधिक रोग्यांत तें आढळतें. उलटपक्षीं, थंडीनें बोटें पांढरीं होणाऱ्या बहुसंख्य माणसांना पुढें कोणताही मोठा रोग होत नाहीं. दोहोंतला फरक ओळखण्याची एक सुंदर युक्ति आहे. नखाच्या मुळाशीं असलेल्या केशवाहिन्या भिंगांतून पाहिल्या, तर निरोगी माणसांत त्या केंसांच्या आंकड्यांप्रमाणें एका ओळींत दिसतात. ह्या रोगांत त्या फुगलेल्या, तुटलेल्या आणि विरळ झालेल्या दिसतात. शरीरभराच्या रक्तवाहिन्यांची बातमी अशी एका नखावर वाचतां येते.

ह्या रोगांत मूत्रपिंडाच्या वाहिन्या एकाएकीं आकसून रक्ताचा दाब भयंकर चढण्याचा एक प्रसंग येतो. पूर्वीं त्यांतून रोगी क्वचितच वांचत असे. ब्राझिलमधील एका सापाच्या विषाच्या अभ्यासांतून जन्मलेलें कॅप्टोप्रिल हें औषध १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हातीं आलें आणि हें चित्र पालटलें. तथापि औषध वेळेवर मिळावें ह्यासाठीं दाब चढलेला वेळेवर कळला पाहिजे. म्हणून अशा रोग्याच्या घरीं रक्तदाब मोजण्याचें यंत्र असणें ही चैन नव्हे. स्टेरॉइडच्या मोठ्या मात्रेनें हा प्रसंग ओढवण्याचा संभव वाढतो, हेंही अशा रोग्यानें ध्यानांत ठेवावें.

येथें एक खुलासा अवश्य आहे. स्वप्रतिकारजन्य असे सर्वच त्वचारोग रक्तवाहिन्यांना सारखेच बाधतात असें नाहीं. कोड हा त्याच वर्गांतील रोग. परंतु सोरायसिस किंवा ल्यूपस ह्यांच्या बाबतींत जसा भक्कम पुरावा आहे तसा कोडाच्या बाबतींत नाहीं. कोडाच्या रोग्यानें हृदयाची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. त्याला आणि त्याच्या घरच्यांना आधींच लोकनिंदेचा भार पुरेसा आहे.

दाह शमविणारें औषध दिलें तर रक्तवाहिन्या आपोआप वांचतील काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो. सोरायसिसवरील एका प्रमुख औषधाचा इतिहास भारतीयांना अभिमानास्पद आहे. आंध्र प्रांतांत भीमवरम येथें १८९५ सालीं जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेंत लेडर्ले प्रयोगशाळेंत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखालीं अमिनॉप्टेरिन आणि त्याचें भावंड मेथोट्रेक्सेट हीं औषधें तयार झालीं. १९४८ सालीं सुब्बाराव निवर्तले. १९५१ सालीं अमिनॉप्टेरिननें सोरायसिसचे चट्टे कमी होतात असें अमेरिकन डॉक्टरांना आढळलें, आणि पुढें मेथोट्रेक्सेट हें त्या रोगाचें मोठें औषध झालें.

हेंच औषध हृदयालाही तारील कां, हें पाहण्यासाठीं पूर्वीं झटका येऊन गेलेल्या किंवा हृदयाच्या अनेक रोहिण्या अरुंद झालेल्या ४७८६ रोग्यांवर अमेरिका व कॅनडांत मोठा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१८ सालीं आला, आणि तो निराशेचा होता; त्या रोग्यांत कांहींच लाभ दिसला नाहीं. त्याच्या आदल्या वर्षीं, २०१७ सालीं, इंटरल्यूकिन-१ बीटा ह्या एकाच पदार्थाला अडविणाऱ्या औषधाचा दहा हजारांहून अधिक रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला होता. त्यांत कोलेस्टेरॉल जराही न उतरतां हृदयविकारादि घटना सुमारें पंधरा टक्क्यांनीं घटल्या. मात्र प्राणघातक जंतुसंसर्ग किंचित् वाढले. दोन्ही प्रयोग मिळून शिकवण अशी, कीं दाह हा गुन्हेगार आहे हें खरें, पण दाहाच्या हजार वाटांपैकीं नेमकी कोणती अडवावी ह्यावर सर्व कांहीं अवलंबून आहे. चट्टे मावळले म्हणजे रक्तवाहिन्याही सुधारल्या, असा हिशेब कोणीही मांडूं नये.

तेव्हां रोग्याच्या हातांत काय आहे? पुष्कळ आहे, आणि त्यांतील बरेंचसें स्वस्त आहे. मोजमाप ही त्यांतली पहिली गोष्ट. सोरायसिस किंवा ल्यूपस असलेल्या प्रौढ माणसानें, वय लहान असलें तरी, रक्तदाब, रक्तांतील साखर, चरबीचे प्रकार आणि वजन हीं नियमानें तपासून घ्यावींत. दाब १४० व ९० ह्या आंकड्यांहून पुन्हा पुन्हा अधिक भरत असेल तर तो खचित वाढलेला आहे. आणि त्याहून कमी आंकड्यांवरही ह्या रोग्यांच्या बाबतींत डॉक्टर सावध होतात. कंबरेचा घेर पुरुषास ९० आणि स्त्रीस ८० सेंटिमीटरच्या वर जाऊं लागला तर तो इशारा समजावा. अमेरिकेंतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीं २०१८ च्या मार्गदर्शनांत सोरायसिस आणि ल्यूपस ह्यांची गणना हृदयविकाराचा धोका वाढविणाऱ्या गोष्टींत केली आहे. चरबी कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा विचार करतांना ही गोष्ट जमेस धरावी असा त्याचा अर्थ. अडचण एवढीच, कीं त्वचेचा डॉक्टर चट्टा पाहतो आणि हृदयाचा डॉक्टर सदरा काढावयास लावून छाती तपासतो, पण कोपराकडे पाहत नाहीं. दोघांच्या मध्यें निरोप पोंचविण्याचें काम बहुधा रोग्यासच करावें लागतें. ‘मला सोरायसिस आहे’ हें वाक्य हृदयाच्या तपासणीच्या वेळीं सांगण्यास त्यानें लाजूं नये.

दुसरी गोष्ट तंबाखूची. विडी, सिगारेट, चघळण्याची तंबाखू आणि दांतांना लावावयाची मिशरी, ह्या सर्वांतील निकोटीन रक्तवाहिन्या आकसवितें. धूम्रपान करणारास सोरायसिस होण्याचा संभवही अधिक असतो. थंडीनें बोटें पांढरीं होणाऱ्यास तर तंबाखू म्हणजे विषच. तिसरी गोष्ट वजनाची. स्थूल रोग्यानें वजन उतरविलें तर चट्टे कमी होतात, औषधें अधिक लागू पडतात आणि रक्तदाबही खालीं येतो. एका प्रयत्नाचें तिहेरी फळ. आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास झपाट्यानें चालणें, पापड-लोणच्यांतील मीठ आंवरणें, आणि मद्य वर्ज्य करणें, ह्यांत गूढ असें कांहींच नाहीं. तरी ह्यांची जागा कोणतेंही महागडें इंजेक्शन घेऊं शकत नाहीं.

चौथी गोष्ट औषधांच्या शिस्तीची. मेथोट्रेक्सेट ह्या रोगांत आठवड्यांतून ठरलेल्या एकाच दिवशीं घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यानें प्राण गेल्याचीं उदाहरणें नमूद आहेत. म्हणून वार ठरवून तो भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत लिहून ठेवावा. गर्भारपणीं तें वर्ज्य आहे. दुकानांतून परस्पर आणलेल्या कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतें, आणि ‘हमखास गुण’ देणाऱ्या नांवगांव नसलेल्या पुड्यांतही तें मिसळलेलें सांपडलें आहे. पोटांत घेतलेल्या स्टेरॉइडनें चट्टे जादूसारखे मावळतात, पण साखर, दाब आणि वजन चढतात; आणि तें एकदम थांबविल्यास सोरायसिस पूर्वींपेक्षां उग्र रूपानें, अंगभर पुवाच्या पुटकुळ्या घेऊन परत येऊं शकतो. ल्यूपसच्या रोग्यानें मात्र डॉक्टरांनीं दिलेलें स्टेरॉइड स्वतःच्या मनानें कधींही बंद करूं नये. मूळचें हिंवतापावरचें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें औषध ल्यूपसमध्यें वर्षानुवर्षें घ्यावें लागतें; तें रोगाच्या उचली कमी करतें, आणि नेत्रतपासणी नियमानें केली म्हणजे त्याची भीति उरत नाहीं.

आणि शेवटचें, छातींत दाब आल्यासारखें होणें, ती कळ हातांत किंवा जबड्यांत उतरणें, अकारण दम लागून घाम फुटणें, तोंड वांकडें होणें किंवा जीभ अडखळणें, ह्यांपैकीं कांहींही झालें तर तरुण वयाचा किंवा स्त्री असण्याचा आधार घेऊन थांबूं नये. त्या घटकेला रुग्णालय गांठावें.

ह्या रोग्यांच्या आयुष्यांत औषधाइतकीच मोलाची आणखी एक वस्तु आहे, आणि ती घरच्यांच्याच हातीं असते. सोरायसिस स्पर्शानें लागत नाहीं, ल्यूपस लागत नाहीं, स्क्लेरोडर्मा लागत नाहीं. तरीही ताट वेगळें होतें, टॉवेल वेगळा होतो, जुळत आलेलें लग्न मोडतें, आणि रोगी हळूहळू चार माणसांत जाणें सोडतो. तो पोहावयास जात नाहीं, आंखूड बाहीचे कपडे घालून फिरावयास बाहेर पडत नाहीं, डॉक्टरपुढें सदरा काढीत नाहीं. जें चालणें-फिरणें त्याच्या रक्तवाहिन्यांना तारणार तेंच लाजेपायीं बंद पडतें, आणि जी तपासणी त्याला वांचविणार तीच पुढें ढकलली जाते. लाज ही येथें केवळ मनाची व्यथा राहत नाहीं. ती रोगाच्या कारणांपैकींच एक होऊन बसते. संध्याकाळीं घरांतील एखाद्यानें त्याच्या बरोबरीनें अर्धा तास फिरावयास निघावें आणि महिन्यांतून एकदां त्याच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून आंकडा वहींत टिपून ठेवावा, एवढ्यानेंही त्या घरानें उपचाराचा मोठा भाग उचलला असें होईल.